वर्ग त्यांना, गठ्ठा आम्हाला



‘आता कॉलेजं बांधत बसायची गरज राहिली नाही. मोबाईल घरोघरी पोचला, पोरं घरबसल्या पदवी घेतील.’ हे वाक्य गेल्या काही वर्षांत वाशिम जिल्ह्यात आम्ही किती जणांच्या तोंडून ऐकले याची मोजदाद राहिलेली नाही. संस्थाचालक बोलतात, पुढारी बोलतात, निवृत्त प्राध्यापक बोलतात, आणि जयंतीच्या मंचावरून आपले काही वक्तेही बोलतात. बोलणाऱ्याचा स्वतःचा मुलगा कुठे शिकतो हे एकदा विचारून बघा. तो पुण्यात असतो, नाहीतर नागपुरात. घरबसल्या शिकायचे ते रिसोड, मालेगाव, मानोऱ्याच्या वस्तीतल्या पोरांनी.

दूरशिक्षणाला आमचा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे लेख अर्धवट वाचून कोणी फोन करणार नाही. आमचा विरोध आहे तो अदलाबदलीला. ज्याला वर्गात बसणे शक्य नाही त्याच्यासाठी काढलेली वाट, ज्याला वर्गात बसू द्यायचे नाही त्याच्यासाठी वापरायची, ही ती अदलाबदल. सार्वजनिक विद्यापीठांमधला दूरशिक्षणाचा ‘विस्तार’ आज त्या वळणावर उभा आहे, आणि आंबेडकरी तरुणांनी त्याच्याकडे फक्त ‘सोय’ म्हणून बघितले तर पुढच्या दहा वर्षांत आपल्या हातात पदव्या असतील आणि पायाखाली कॅम्पस नसेल.

दूरशिक्षण मुळात आले कोणासाठी, ते आधी बघू. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्राद्वारे शिक्षण सुरू केले. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये. देशातले पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबादला निघाले आणि १९९१ मध्ये त्याला बाबासाहेबांचे नाव मिळाले. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ चे. आपल्या महाराष्ट्रात नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये उभे राहिले, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. बारावी हुकलेल्या माणसालाही पूर्वतयारी करून पदवीच्या दारापर्यंत आणायचे, ही त्यामागची कल्पना खरोखर मोठी होती. गिरणीतला कामगार, एसटीचा कंडक्टर, लग्न होऊन सासरी आलेली आणि दहावीवर थांबलेली बाई, हे त्याचे विद्यार्थी. आपल्या जिल्ह्यात कितीतरी अंगणवाडी सेविका, आशाताई, होमगार्ड ‘मुक्त’मधून बी.ए. झाले. त्या पदवीवर कोणी स्पर्धा परीक्षेला बसले, कोणाला बढती मिळाली. चाळिशीत पदवी घेतलेल्या बाईचा फोटो घराच्या भिंतीवर बाबासाहेबांच्या शेजारी लागतो, त्या फोटोची किंमत आम्हाला कळते. त्या बाईला ‘ही काय खरी पदवी?’ म्हणून हिणवणारा माणूस आमच्या दृष्टीने चळवळीचा नाही. कायद्यानेही तसे म्हणता येत नाही; विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यता दिलेली दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरायची, हे २०२० च्या नियमांत आहे आणि आयोगाने २०२२ मध्ये ते पुन्हा जाहीर केले.

(जाता जाता एक गंमत. आपल्याकडे मुक्त विद्यापीठाला ‘ओपन’ म्हणतात. ‘काय रे, ओपनमधून करतो का?’ सगळ्या आयुष्यात आमच्या पोराच्या नावापुढे ‘ओपन’ हा शब्द लागला तो एवढ्या एकाच ठिकाणी.)

पण तेव्हाचे दूरशिक्षण म्हणजे दुसरी संधी होती. पहिली संधी ज्याची हुकली त्याच्यासाठी. आता चित्र पालटते आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातले नोंदणीचे प्रमाण ५० टक्क्यांवर न्यायचे ठरवले, आणि त्यासाठी दूर आणि ऑनलाइन शिक्षणाचा मोठा आधार घ्यायचे ठरवले. २०२१ मध्ये ‘स्वयम्’ पोर्टलवरून एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम घ्यायला मुभा मिळाली. आधी ती २० टक्के होती. त्याच वर्षी मे महिन्यात, कोरोनाने माणसे मरत असताना, आयोगाने नियमित महाविद्यालयांतही ४० टक्के शिकवणे ऑनलाइन करण्याचा मसुदा काढला. म्हणजे दूरशिक्षण आता वेगळ्या विद्यापीठात राहिलेले नाही, ते तुमच्या नियमित कॉलेजच्या वर्गात शिरले आहे. अठरा वर्षांचा, बारावी पास झालेला, शिकायला मोकळा असलेला मुलगा आता दूरशिक्षणाचे गिऱ्हाईक धरला जातो. त्याची पहिली संधीच दुसऱ्या संधीच्या दरात भागवायची, असा हा हिशेब आहे.

आणि हा मुलगा कोण? वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. सहा तालुके. दहातली आठ माणसे खेड्यात राहतात, आणि पाचातला साधारण एक अनुसूचित जातीचा. २०१८ मध्ये निती आयोगाने महाराष्ट्रातले जे चार जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले, त्यांत गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद यांच्या जोडीला वाशिम होते. आकांक्षित हा मागासलेल्याला दिलेला गोड शब्द. सोयाबीनची सोंगणी दसऱ्याच्या आसपास, मग कापूस वेचणी, मग तूर. ज्या घरात स्वतःची जमीन नाही त्या घरातले पोर या सगळ्या हंगामांत मजुरीला असते. हंगाम संपला की पुणे, मुंबई, सुरत. हे पोर घरी असले की दूरशिक्षण घेत नाही, ते कामाला जाते. आपल्या वस्तीत घरी राहणे आणि शिकणे या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. घरी राहिलेला मुलगा म्हणजे दोन हात, आणि घरी राहिलेली मुलगी म्हणजे चूल आणि लवकरच स्थळ. वसतिगृह म्हणजे नुसते झोपायचे ठिकाण नव्हे. ते आपल्या पोराला कामावरून आणि आपल्या पोरीला लग्नावरून तीन वर्षे राखून ठेवते. पुस्तकांचा गठ्ठा घरी आला म्हणून ही राखण होत नाही.

आता पैशाची बाजू बघा, कारण सरकारच्या मनात काय आहे ते भाषणापेक्षा दरपत्रकात लवकर कळते. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे २०१० मध्ये सुधारलेले नियम काढा. व्यावसायिक पदवी घेणाऱ्या वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला निर्वाहभत्ता महिन्याला १२०० रुपये. पत्राद्वारे किंवा दूरशिक्षणाने शिकणाऱ्याला फी परत, आणि पुस्तकांसाठी १२०० रुपये, वर्षाला. दोन्हीकडे आकडा एकच, एकीकडे महिना, एकीकडे वर्ष. पुढे दर बदलले, पण बघण्याची दृष्टी त्या दिवशी कागदावर उमटली ती उमटली. दूरचा विद्यार्थी जेवत नाही, त्याला भाडे लागत नाही, दिवा लागत नाही, असे गृहीत धरले आहे.

स्वाधार योजना घ्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्याला राहण्या-जेवणासाठी वर्षाला मोठ्या शहरांत ६० हजार, मधल्या शहरांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये. वाशिमला शिकणाऱ्या पोरासाठी ४३ हजार. पण अट आहे ७५ टक्के हजेरीची, आणि आपले गाव सोडून शिकायला राहण्याची. बरोबरच आहे, नियमित विद्यार्थ्यासाठीच ती योजना. मग घरी बसून शिकणाऱ्याची हजेरी कोणत्या पटावर लावायची? जितकी मुले नियमितकडून दूरशिक्षणाकडे ढकलली जातील, तितक्या ४३ हजारांची सरकारची बचत. कोणी तोंडाने म्हणत नाही, पण विस्ताराच्या प्रत्येक घोषणेमागे ही बचत उभी आहे. ज्या मुलाला वसतिगृह नाकारले, त्यालाच दूरशिक्षणाचा अर्ज हातात देऊन ‘समतेची संधी’ म्हणायचे!

बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात १९२७ मध्ये शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना याच कंजूषपणावर बोट ठेवले होते. सरकार लोकांकडून दारूच्या करापोटी दरडोई जेवढे वसूल करते तेवढेही शिक्षणावर खर्च करत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. शिक्षण खात्याकडे जमा-खर्चाच्या तराजूतून बघू नका, हे सांगणारा माणूस आपला बाप आहे. आणि आपण ‘स्वस्तात होते ना’ म्हणून दूरशिक्षणाचे कौतुक करायचे?

आता दारे कोणती उघडी आहेत ते बघा. वैद्यकीय, अभियांत्रिकी, नर्सिंग, कायदा यांची पदवी दूरशिक्षणाने देता येत नाही. पीएच.डी. देता येत नाही. ही बंदी आयोगाच्या नियमांतच आहे आणि आम्हाला ती चूक वाटत नाही; टपालाने शिकलेल्या डॉक्टरकडून कोण तपासून घेईल? पण या बंदीचा अर्थ समजून घ्या. ज्या विषयांना समाजात वजन आहे ते विषय माणसाने माणसाला समोर बसवून शिकवल्याशिवाय येत नाहीत, हे व्यवस्थेला पक्के ठाऊक आहे. वाशिमला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. तिथे इमारत हवी, रुग्णालय हवे, प्राध्यापक हवेत, हे कोणाला पटवून द्यावे लागले नाही. मग बी.ए. करणाऱ्या पोराला समोर शिक्षक नको, हे कोणी ठरवले? इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र हे विषय माणसाशिवाय येतात, असा यांचा समज आहे काय? बाबासाहेब बॅरिस्टर झाले. त्यांच्या नावाचे मुक्त विद्यापीठ मात्र कोणाला वकिलीची पदवी घरपोच देऊ शकत नाही. दूरशिक्षणाच्या वाटेने गेलेला आपला मुलगा कारकून होईल, शिपाई होईल, फार तर स्पर्धा परीक्षा काढेल. वकील, डॉक्टर, संशोधक होण्याची वाट त्याला दूरशिक्षणात मिळत नाही.

शिक्षकाच्या नोकरीचा प्रश्न तर कोणी काढतच नाही. कॉलेज म्हणजे विद्यार्थ्यांच्या जागा, तशाच प्राध्यापकांच्या, ग्रंथपालांच्या, प्रयोगशाळा सहायकांच्या जागा. त्या प्रत्येक जागेला बिंदुनामावली लागते, म्हणजे आपला वाटा लागतो. २०१९ मध्ये १३ पॉइंट रोस्टरविरुद्ध देशभर लोक रस्त्यावर उतरले आणि केंद्राला कायदा करावा लागला, तो या वाट्यासाठीच. अभ्यासकेंद्रावर काय असते? रविवारी येणारा समंत्रक, तासावर मानधन. पद नाही, वेतनश्रेणी नाही, म्हणून बिंदुनामावलीही नाही. महाराष्ट्रात आधीच कॉलेजे तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चालली आहेत. नेट-सेट झालेली, पीएच.डी. केलेली आपली मुले वर्षाचे काही महिने तासावर शिकवतात आणि उरलेले महिने मिळेल ते करतात. त्यांच्या जागा भरायच्या ऐवजी एका तज्ज्ञाचे भाषण एकदा चित्रित करून पाचशे कॉलेजांत दाखवायचे. तो तज्ज्ञ कोणत्या समाजातला असेल हे आम्ही सांगायला पाहिजे का? एका दगडात दोन पक्षी मेले. आपला विद्यार्थी वर्गाबाहेर, आणि आपला शिक्षकही वर्गाबाहेर.

इथे कोणी म्हणेल, बाबासाहेबांनी नाही का शिक्षण कसेही मिळवा म्हणून सांगितले? बाबासाहेबांनी काय केले ते बघा, मग बोला. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ मध्ये निघाली. तिचे पहिले मोठे काम १९२५ च्या जानेवारीत सोलापुरात सुरू झालेले वसतिगृह. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. नोकरी करणाऱ्या पोरांची अडचण तेव्हाही होतीच. त्यांनी काय तोडगा काढला? वर्ग सकाळी भरवले. पोरगा सकाळी शिकेल आणि मग कामाला जाईल. विद्यार्थ्याच्या अडचणीप्रमाणे वर्गाची वेळ बदलली, वर्ग काढून टाकला नाही. मग १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद. मराठवाडा नुकताच निजामाच्या ताब्यातून सुटलेला, उच्च शिक्षणाचा पत्ता नाही, आणि सगळी पोरे खेड्यातली. टपाल खाते तेव्हाही होते. मुंबईहून नोट्सचे गठ्ठे पाठवणे कितीतरी स्वस्त पडले असते. बाबासाहेबांनी तिथे जमीन घेतली, कॉलेज बांधले, वसतिगृहे बांधली, आणि त्या परिसराला नागसेनवन नाव दिले. मागास भागासाठी त्यांना सुचलेला मार्ग हा होता.

त्याच्याही आधी, मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीपुढे त्यांनी आपले म्हणणे मांडले होते. नुसत्या परीक्षा घेणारे आणि पदव्या वाटणारे विद्यापीठ त्यांना मान्य नव्हते. विद्यापीठाने शिकवले पाहिजे, शिकवणे आणि संशोधन एकत्र चालले पाहिजे, असा त्यांचा आग्रह. आज आपल्याला जे विकले जात आहे ते नेमके परीक्षा घेणारे विद्यापीठ आहे. फॉर्म भरा, गठ्ठा घ्या, परीक्षेला या, गुणपत्रिका डाउनलोड करा.

खंड पडण्याबद्दलही बोलू, कारण नव्या धोरणात ‘कधीही बाहेर पडा, कधीही आत या’ याचे फार कौतुक आहे. एक वर्ष झाले की प्रमाणपत्र, दोन झाली की पदविका. बाबासाहेबांचेही शिक्षण १९१७ मध्ये तुटले, शिष्यवृत्ती संपली म्हणून लंडन सोडावे लागले. पण विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत यायची परवानगी दिली होती. १९२० मध्ये ते परत गेले, १९२१ ला एम.एस्सी. आणि १९२३ ला डी.एस्सी. घेऊन आले. परत येण्याचा हक्क म्हणतात तो हा, त्याच वर्गात, त्याच ग्रंथालयात. आपल्या पोराला मात्र एका वर्षाचे प्रमाणपत्र हातात देऊन दार उघडे ठेवले जाते ते बाहेरच्या बाजूचे.

आपले विद्यापीठ अमरावतीचे. १९८३ मध्ये स्थापन झाले आणि वाशिमसह पाच जिल्हे त्याच्याकडे आहेत. नाव संत गाडगेबाबांचे. गाडगेबाबा शाळेत गेले नव्हते. त्यांनी धर्मशाळा बांधल्या, आणि पंढरपूरची आपली इमारत बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली. ज्या माणसाने स्वतः झाडू हातात घेतला आणि पोरांना छप्पर दिले, त्याच्या नावाच्या विद्यापीठाकडे आम्ही पहिली मागणी छपराचीच करणार.

आता जरा दूर जाऊ, कारण हा प्रयोग जगात आधी होऊन गेला आहे. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी सरकारने १९५९ मध्ये एक कायदा केला. नाव काय दिले? विद्यापीठ शिक्षण ‘विस्तार’ कायदा. या विस्ताराने काळ्या विद्यार्थ्यांना गोऱ्यांच्या विद्यापीठांत मंत्र्याच्या परवानगीशिवाय प्रवेश बंद झाला आणि त्यांच्यासाठी दूर कुठेतरी वेगळी कॉलेजे काढली गेली. एक विद्यापीठ मात्र या बंदीतून मोकळे राहिले. पत्राने शिकवणारे युनिसा. का? पत्राने शिकणारा काळा विद्यार्थी गोऱ्या विद्यार्थ्याच्या शेजारी बसत नाही, कॅन्टीनमध्ये येत नाही, वसतिगृहात राहत नाही. टपालाने शिवाशिव होत नाही. नेल्सन मंडेलांनी युनिसाची बी.ए. घेतली, तुरुंगातून कायद्याचा अभ्यास केला आणि १९८९ मध्ये, कैदेत असतानाच, युनिसाची एलएल.बी.ही घेतली. त्या पदव्यांना आमचा सलाम आहे. पण राज्याला त्या पदव्यांची भीती वाटली नाही, हेही लक्षात घ्या.

भीती कशाची वाटली? त्या दूरच्या वेगळ्या कॉलेजांपैकी एक टर्फलूप. पोरांना एकटे पाडायला काढलेले कॉलेज, पण पोरे तिथे एकत्र राहत होती. १९६९ मध्ये तिथेच काळ्या विद्यार्थ्यांच्या ‘सासो’ या संघटनेचे उद्घाटन झाले आणि स्टीव्ह बिको तिचा पहिला अध्यक्ष झाला. काळ्या अस्मितेची चळवळ तिथून पेटली. पुढे १९७३ मध्ये सरकारने बिकोवर बंदीहुकूम काढला. एका वेळी एकाहून जास्त माणसांबरोबर बसायचे नाही, बोलायचे नाही, गाव सोडायचे नाही. त्या बंदीतही त्याला एक गोष्ट करता आली. युनिसाकडून पत्राने कायद्याचा अभ्यास! मित्रांनो, ज्या शिक्षणाला बंदीहुकूमाचीही अडचण होत नाही, त्या शिक्षणाची व्यवस्थेला कसली धास्ती असणार?

आपला इतिहास हेच सांगतो. मिलिंद महाविद्यालयात म. ना. वानखेडे प्राचार्य होते, गंगाधर पानतावणे शिकवत होते. तिथल्या वातावरणातून ‘अस्मितादर्श’ उभे राहिले, दलित साहित्याला व्यासपीठ मिळाले. तिथल्या वसतिगृहांत खेड्यापाड्यांतून आलेली पोरे एकमेकांची दुःखे ऐकत मोठी झाली. नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ ला झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला. मधली साडेपंधरा वर्षे मोर्चे कोणी काढले, लाठ्या कोणी खाल्ल्या, तुरुंग कोणी भरले? त्यांत विद्यार्थी होते, आणि ते विद्यार्थी एका खोलीत चौघे राहणारे होते. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुलाला वसतिगृहातून बाहेर काढले गेले, हे विसरू नका. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. त्याला आधी वर्गातून काढले नव्हते, खोलीतून काढले होते. खोलीचे महत्त्व त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते.

‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हे आपण पोस्टरवर छापतो. यातले पहिले एकट्याने होईल. दुसरे आणि तिसरे एकट्याने कसे होणार? ज्या मुलाला त्याच्या विद्यापीठातला दुसरा विद्यार्थी आयुष्यात फक्त परीक्षाकेंद्रावर पुढच्या बाकावर पाठमोरा दिसला, तो कोणाबरोबर संघटित होईल?

मोबाईलच्या भरवशावरही दोन शब्द. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतात संगणक असलेली घरे शंभरात चार-पाच होती, इंटरनेटची सोय असलेली साधारण पंधरा. त्यानंतर फोन वाढले, खरे आहे. पण फोन असणे आणि फोन हातात असणे वेगळे. घरात एक फोन, तो बापाबरोबर किंवा भावाबरोबर बाहेर, आणि रात्री रिचार्ज संपलेला. बहिणीच्या हातात तो किती वेळ येतो? केरळात, मलप्पुरम जिल्ह्यात, १ जून २०२० ला, ऑनलाइन शाळा सुरू झाली त्याच दिवशी एका दलित मजुराच्या मुलीने जीव दिला. घरातला टीव्ही बंद होता आणि स्मार्टफोन नव्हता. तेही शंभर टक्के साक्षरतेच्या गप्पा मारणाऱ्या केरळात.

तर मग आमचे मागणे काय? काही मित्र म्हणतात, ‘दादा, नाही त्यापेक्षा बरं ना? कॉलेज येईल तेव्हा येईल, तोवर हे घेऊ.’ या युक्तिवादाला आम्ही झटकून टाकत नाही, कारण तो भुकेल्या माणसाचा युक्तिवाद आहे. घ्या. जरूर घ्या. पण घेताना पावती फाडून घ्या. दूरशिक्षण वाढवायचे तर प्रत्येक तालुक्याला अभ्यासकेंद्र असू द्या आणि त्या केंद्राला कायम शिक्षक, त्यांना बिंदुनामावली. संपर्कसत्र सोयाबीनच्या सोंगणीत ठेवू नका. मजुराच्या पंचांगाप्रमाणे वेळापत्रक करा, सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरले तसे. मुले कडेवर घेऊन येणाऱ्या बाईसाठी केंद्रावर पाळणाघर. जी सेविका, जी आशाताई सत्राला जाते तिची त्या दिवसाची रजा पगारी. संपर्काच्या दिवसांत समाज कल्याणच्या वसतिगृहात राहण्या-जेवणाची सोय. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला नियमित वर्गात बदलून जाण्याचा हक्क, जागा राखून. आणि मुख्य म्हणजे, दूरशिक्षणात जेवढे विद्यार्थी वाढले म्हणून दाखवाल, तेवढ्या प्रमाणात जिल्ह्यात वसतिगृहाच्या जागा वाढल्या पाहिजेत. या अटी मान्य नसतील तर तुमचा विस्तार म्हणजे आमची हकालपट्टी आहे, असे आम्ही जाहीरपणे म्हणू.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे प्रत्येक विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत् आराखडा करावा लागतो. कुठे कॉलेज हवे, कोणते अभ्यासक्रम हवेत, कोणता भाग मागास राहिला, हे सगळे त्यात ठरते. आपल्या जयंती समित्यांना डीजेचे आकडे पाठ असतात, पण बृहत् आराखडा किती जणांनी उघडून बघितला? आपले काही पुढारी तर स्वतःच संस्थाचालक झाले आहेत; अभ्यासकेंद्र हे त्यांना उत्पन्नाचे साधन वाटते. त्यांच्याकडून ही मागणी पुढे जाणार नाही.

म्हणून काम आपणच वाटून घेऊ. सहा तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांनी या महिन्यात माहितीच्या अधिकाराचे अर्ज टाकावेत. समाज कल्याणच्या वाशिम येथील सहायक आयुक्तांकडे विचारा: मुला-मुलींच्या शासकीय वसतिगृहांत मंजूर जागा किती, गेल्या पाच वर्षांत अर्ज किती, प्रवेश किती. स्वाधारचे अर्ज किती आले, किती नाकारले, कोणत्या कारणाने. उच्च शिक्षणाच्या अमरावतीच्या सहसंचालकांकडे विचारा: जिल्ह्यातल्या अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांची मंजूर पदे किती, रिक्त किती, त्यांतली राखीव किती. दूरशिक्षण देणाऱ्या विद्यापीठांकडे विचारा: वाशिम जिल्ह्यात अभ्यासकेंद्रे किती, अनुसूचित जाती-जमातीचे विद्यार्थी किती, त्यांत मुली किती. आणि एक प्रश्न विसरू नका. प्रवेशाचे आकडे सगळेच हौसेने सांगतात, पण त्या प्रवेशांपैकी पदवी घेऊन बाहेर किती पडले, ते वर्षनिहाय मागा.

महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून वसतिगृह, स्वाधार, रिक्त पदे आणि अभ्यासकेंद्रे यांचे अर्ज वेगवेगळे करा. प्रत्येकाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखालचे कार्ड असेल तर त्याची प्रत जोडा, तिकीट लागत नाही. पोच घ्यायला विसरू नका, आणि तीस दिवसांनी उत्तर आले की ते घेऊन रविवारी विहारात या, सगळी उत्तरे एकत्र मांडू.